कोर्सच्या आधी वही: नोकरी सांभाळून आरोग्य-हक्कांचा अभ्यास कसा करावा

"ताई, फुकट नको. नियम काय आहे तेवढं सांगा."

एका धर्मादाय रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात मला तेव्हा पाच वर्षं झाली होती. समोर बसलेल्या काकांच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं पिवळं रेशनकार्ड होतं आणि त्यांची बायको तिसऱ्या मजल्यावर दाखल होती. मी सवयीने अर्ज पुढे सरकवला, 'बघू या काय करता येतं' म्हटलं, त्यावर ते हे बोलले. मला अर्ज पाठ होता. तो कुठे अडतो, कोणाची सही लागते, साहेब कोणत्या वारी ऐकून घेतात, सगळं ठाऊक होतं. नियम मात्र माहीत नव्हता.

त्या रात्री घरी बसून शोधलं. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५०, कलम ४१ कक. त्याखाली मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये घालून दिलेली योजना: धर्मादाय रुग्णालयातल्या १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत, आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत. त्यासाठी रुग्णालयाने एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम वेगळ्या निधीत टाकायची. पाच वर्षं मी जे 'सवलत' म्हणून देत होते, ते त्या माणसाचं येणं होतं. दान आणि देणं यातला फरक मला एका रेशनकार्डवाल्याने शिकवला.

माझा अभ्यास तिथून सुरू झाला, आणि बराचसा उलट्या क्रमाने झाला. आधी दोन ऑनलाइन कोर्स घेतले आणि अर्धवट सोडले. मग एका पदविकेची चौकशी केली. शेवटी एक दोनशे पानी वही घेतली आणि तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. म्हणून हा लेख वहीपासून सुरू होतो. नर्स, फार्मासिस्ट, आशा गटप्रवर्तक, वकील, पत्रकार, शिक्षक, कारखान्याच्या एचआरमधली माणसं, कोणालाही तो वापरता येईल. नोकरी करणाऱ्याकडे वेळ कमी असतो हे खरं, पण पूर्णवेळ विद्यार्थ्याकडे नसतं ते एक आपल्याकडे असतं: रोज समोर घडणारा पुरावा.

आधी चार शब्द पक्के करा

समानता आणि समता हे आपण बोलताना एकच धरतो. इथे ते वेगळे ठेवावे लागतात. बाह्यरुग्ण विभाग सकाळी ९ ते १ सर्वांना खुला असतो, ही समानता. बिगारी कामगाराला त्या चार तासांसाठी दिवसाची मजुरी सोडावी लागते आणि माझ्यासारखीला हाफ डे टाकून भागतं. आठवड्यातून दोन दिवस संध्याकाळी ओपीडी ठेवली, तर ते समतेकडे टाकलेलं पाऊल.

प्रत्येक फरक विषमता नसतो. ऐंशी वर्षांच्या माणसाला विशीतल्यापेक्षा जास्त दुखणी असणारच. ब्रिटनमधल्या अभ्यासक मार्गारेट व्हाइटहेड यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला याची जी कसोटी मांडली ती आजही कामाची आहे: जो फरक टाळता येण्याजोगा आहे, अनावश्यक आहे आणि अन्याय्य आहे, ती आरोग्यातली विषमता.

यात हक्क कुठून येतो? कर्तव्यातून. १९६६चा आर्थिक, सामाजिक आणि सांस्कृतिक हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार भारताने १९७९ मध्ये मान्य केला. त्याच्या कलम १२ मध्ये आरोग्याचा हक्क आहे. पण 'आरोग्याचा हक्क' म्हणजे निरोगी असण्याची हमी नव्हे. त्याचा अर्थ काय घ्यायचा हे संयुक्त राष्ट्रांच्या समितीने २०००च्या 'सामान्य टिप्पणी क्रमांक १४' मध्ये उलगडून सांगितलं आहे. मूळ वीस-पंचवीस पानं आहेत, इंग्रजी जड आहे, तरी वाचाच. त्यातले चार निकष: उपलब्धता, पोहोच, स्वीकारार्हता, दर्जा.

हे चारही मी एका उपकेंद्रावर बसवून लक्षात ठेवले. इमारत आहे, एएनएमची, म्हणजे उपकेंद्रावरच्या परिचारिकेची, जागा रिकामी आहे: उपलब्धता नाही. एएनएम आहे, पण पावसाळ्यात नाला भरला की पाड्यावरून येता येत नाही, किंवा येता येतं पण बाहेरून औषध आणायला पैसे नाहीत: पोहोच नाही. सगळं आहे, पण रक्तदाबाचं यंत्र दोन महिने बंद आहे: दर्जा नाही. स्वीकारार्हता समजायला सर्वांत अवघड. तिचं चांगलं उदाहरण गडचिरोलीत आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने शोधग्राममध्ये दवाखाना बांधताना तिथल्या आदिवासींनाच विचारलं. त्यातून मोठ्या इमारतीऐवजी झोपड्यांसारखी, गावासारखी रचना उभी राहिली आणि दवाखान्याला नाव मिळालं देवीचं, माँ दंतेश्वरी. रुग्णाला आत पाऊल टाकताना परकं वाटू नये, हासुद्धा दवाखान्याचा एक भाग आहे.

पंधरा दिवसांची वही

आता मुख्य काम. पंधरा दिवस, कामाच्या ठिकाणी जे खटकेल ते रोज तीन-चार ओळींत लिहा. नाव लिहायचं नाही, केसपेपर क्रमांक लिहायचा नाही, फोटो तर अजिबात काढायचा नाही. फक्त काय घडलं ते. माझ्या वहीतली एक नोंद अशी होती: 'बाई, अंदाजे ३५, उत्पन्नाचा दाखला आणायला तालुक्याला गेली. तलाठी रजेवर. तीन दिवसांनी परत. तोवर डिस्चार्ज.'

फार्मासिस्टच्या वहीत वेगळं सापडेल: इन्सुलिनची एकच कुपी घेणारे कोण आणि तीन महिन्यांचा साठा घेणारे कोण. एचआरवाल्याच्या वहीत: ईएसआय (कामगार राज्य विमा) कार्ड कायम कामगारांकडे आहे, कंत्राटदाराच्या माणसांपैकी किती जणांकडे आहे? शाळेतल्या बाईंना दिसेल की सातवीनंतर मुली महिन्यातल्या ठरावीक दिवसांत का येत नाहीत. स्थापत्य अभियंत्याला दिसेल की प्राथमिक आरोग्य केंद्राचा रॅम्प कागदावर आहे आणि जागेवर त्याचा उतार चाकाची खुर्ची न चढणारा आहे.

पंधरा दिवसांनी वही उलटी वाचा आणि एकच प्रश्न निवडा. तो तीन उपप्रश्नांत मोडता आला पाहिजे:

१. कोण मागे राहिलं?
२. ते टाळता आलं असतं का, आणि कसं?
३. ते टाळणं कोणाचं कर्तव्य होतं?

पहिले दोन उपप्रश्न समतेचे, तिसरा हक्काचा. तिसऱ्याचं उत्तर 'समाजाचं' किंवा 'आपल्या सगळ्यांचं' असं आलं, तर अजून अभ्यास झालेला नाही असं समजा. उत्तरात पद यायला हवं, कलम यायला हवं, निदान एखादा शासन निर्णय तरी.

हा सांगाडा एका खऱ्या प्रकरणावर लावून पाहू

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायका आणि गर्भाशयाच्या शस्त्रक्रिया. २०१९ मध्ये हे प्रकरण गाजलं आणि डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य शासनाने समिती नेमली. जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यात १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. म्हणजे साधारण सहा जणींत एक. तिकडच्या बोलीत 'पिशवी काढली' म्हणतात, अगदी दाढ काढल्यासारखं.

पहिला प्रश्न, कोण मागे राहिलं. २०१५-१६च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये हे प्रमाण ३.२ टक्के होतं. फरक डोळ्यांत भरणारा आहे, पण लगेच निष्कर्षावर उडी मारू नका. दोन्ही पाहण्यांचे वयोगट सारखे आहेत का? दोन्हीकडे प्रश्न एकाच पद्धतीने विचारला होता का? आकडा मोठा असला तरी छेद, म्हणजे तो एकूण कितींपैकी आहे ते, तपासण्याची सवय इथेच लावून घ्या. ती नसेल तर समोरचा पहिल्याच बैठकीत तुमचं टिपण बाजूला ठेवेल.

दुसरा प्रश्न, टाळता आलं असतं का. इथे नुसतं डॉक्टरांकडे बोट दाखवून भागत नाही, काम कसं चालतं ते पाहावं लागतं. मुकादम, म्हणजे मजूर पुरवणारा ठेकेदार, हंगामाआधी उचल (आगाऊ पैसे) देतो. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो, म्हणजे मजुरीच्या हिशेबात बाई स्वतंत्र माणूसच नाही. एका दिवसाची सुट्टी म्हणजे 'खाडा', त्याचा दंड उचलीतून वळता होतो. ऊस तोडायचा, मोळी डोक्यावर घेऊन गाडी भरायची, पहाटे उठून कोपीवर, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, स्वयंपाक. संडास नाही, न्हाणी नाही, पाण्याचा भरवसा नाही. पाळीच्या दिवसांत अंगावरून जातं, कंबर धरते, संसर्ग होतो. गावी परतल्यावर तालुक्याच्या खासगी दवाखान्यात सोनोग्राफी होते आणि 'पुढे कॅन्सर होईल' ही भीती पुरेशी ठरते. बाईच्या बाजूने पाहिलं तर हिशेब चुकीचाही वाटत नाही: पाळी गेली की खाडा गेला. तिने संमतीच्या कागदावर अंगठा दिला, पण तिच्यासमोर दुसरा पर्याय ठेवला कोणी?

तिसरा प्रश्न, कर्तव्य कोणाचं. आता यादी करता येते. डॉक्टरचं: आधी साधे उपचार, मग शस्त्रक्रिया, आणि समजेल अशा भाषेत माहिती देऊन संमती. जिल्हा आरोग्य यंत्रणेचं: खासगी दवाखान्यांवर देखरेख. कारखाना आणि मुकादमाचं: फडावर पाणी, संडास, निवारा. शासनाचं: स्थलांतराच्या सहा महिन्यांत या बायकांना जिथे असतील तिथे आरोग्यसेवा. त्यानंतर काय झालं ते पाहा. अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याचा नियम बीडमध्ये आला. बिहार, छत्तीसगड आणि राजस्थानातल्या अशाच शस्त्रक्रियांवरून आधीपासून चालू असलेल्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये सर्व राज्यांना सांगितलं की केंद्राच्या २०२२च्या मार्गदर्शक सूचना तीन महिन्यांत लागू करा.

दोन्ही गरजेचं होतं. पण परवानगीचा कागद डॉक्टरला अडवतो, खाड्याला अडवत नाही. दवाखान्याच्या आतला उपाय लवकर होतो, फडावरचा रेंगाळतो, असं मला सतत दिसत आलंय. आरोग्यसमतेच्या अभ्यासाचा खरा कस इथे लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या, मायकेल मार्मट यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाने २००८ मध्ये हेच जगाच्या पातळीवर मांडलं: माणसं ज्या परिस्थितीत जन्मतात, वाढतात, राबतात, त्यातच आजारपणाचं वाटप होऊन जातं. तो अहवाल वाचायच्या आधी बीडचं प्रकरण स्वतः मांडून पाहिलंत, तर अहवालातली पानं ओळखीची वाटतील.

कायदा कुठून वाचायचा

वकील नसलेल्यांना कायद्याची भीती वाटते. क्रम बरोबर लावला तर ती ओसरते. संविधानातली दोनच कलमं आधी घ्या. कलम २१, जीविताचा हक्क. कलम ४७, पोषण आणि सार्वजनिक आरोग्य सुधारणं हे राज्याचं प्राथमिक कर्तव्य, पण हे मार्गदर्शक तत्त्वांत असल्याने त्यावर थेट दावा लावता येत नाही. न्यायालयांनी आरोग्याचा हक्क बांधला तो कलम २१च्या आधाराने.

मग सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल पूर्ण वाचा, सारांश वाचू नका. परमानंद कटारा खटला, १९८९: अपघातग्रस्ताला आधी वाचवा, पोलिसी सोपस्कार नंतर, हे सरकारी डॉक्टरला लागू तसंच खासगी डॉक्टरलाही. आणि पश्चिम बंग खेत मजदूर समिती, १९९६. यातला हकीम शेख १९९२ मध्ये रेल्वेतून पडला, डोक्याला मार लागला. त्याला एकामागून एक सरकारी रुग्णालयांत नेलं आणि सगळीकडे खाट नाही, सोय नाही असं सांगण्यात आलं. शेवटी खासगीत पैसे मोजावे लागले. न्यायालयाने कलम २१चा भंग ठरवून २५,००० रुपये भरपाई दिली आणि पैसे नाहीत ही सबब राज्याला सांगता येणार नाही असं म्हटलं. 'खाट नाही' हे वाक्य मी दिवसातून किती वेळा ऐकते, ते हा निकाल वाचताना मोजायचा मोह झाला होता.

निकाल वाचताना वहीचं पान चार रकान्यांत आखा: घडलं काय, न्यायालयापुढे प्रश्न काय, उत्तर काय, आदेश काय. सामान्य वाचक पहिल्या रकान्यातच गुंततो. तुमच्या कामाचा चौथा.

त्यापुढे आपापल्या प्रश्नाप्रमाणे. मानसिक आरोग्य असेल तर २०१७चा मानसिक आरोग्यसेवा कायदा. अपंगत्व असेल तर २०१६चा. गर्भपाताचा प्रश्न असेल तर १९७१चा कायदा, त्यातल्या २०२१च्या दुरुस्तीसह. गर्भलिंगनिदानाचा असेल तर १९९४चा. त्याच्या आधी, १९८८ मध्ये, असा कायदा करणारं पहिलं राज्य महाराष्ट्र होतं, आणि त्यामागे इथल्या स्त्री-चळवळीचा रेटा होता. खासगी रुग्णालयांबद्दल असेल तर राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाची १७ रुग्णहक्कांची सनद आणि महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखालचे २०२१चे नियम शेजारी ठेवून वाचा. बिल थकलं म्हणून रुग्णाला किंवा मृतदेहाला अडकवून ठेवता येत नाही, हे सनदेत स्पष्ट आहे. माझ्या ओळखीतल्या अर्ध्याअधिक कर्मचाऱ्यांना ते माहीत नाही. मलाही नव्हतं.

आकडे: सरासरीवर विश्वास ठेवू नका

महाराष्ट्रातलं मातामृत्यूचं प्रमाण २०१८-२०च्या नमुना नोंदणी पाहणीत दर लाख जिवंत जन्मांमागे ३३ होतं, देशाचं ९७. अभिमान वाटावा असाच फरक आहे. आता दुसरा आकडा घ्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी-५ (२०१९-२१) नुसार पाच वर्षांखालच्या खुरटलेल्या (वयाच्या मानाने उंची कमी राहिलेल्या) मुलांचं प्रमाण महाराष्ट्रात ३५.२ टक्के, देशात ३५.५ टक्के. जवळजवळ बरोबरीत. इतकं श्रीमंत राज्य, बाळंतिणीला वाचवण्यात देशाच्या खूप पुढे आणि पोराच्या ताटात देशाच्या सरासरीइतकंच. हे कोडं सोडवायला घेतलं तर वर्षभराचा अभ्यास होतो. पहिली पायरी म्हणून त्याच पाहणीची जिल्हापत्रकं उतरवून घ्या आणि नंदुरबार, गडचिरोली, पुणे, सिंधुदुर्ग शेजारी-शेजारी ठेवा. राज्याची सरासरी कोणकोणत्या जिल्ह्यांना झाकते ते तासाभरात दिसेल.

हवा तो आकडा मिळाला नाही की माहितीचा अधिकार. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांपर्यंतचा असावा लागतो, शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. नवखा माणूस 'आरोग्य केंद्रांची अवस्था काय आहे' असं विचारतो आणि उत्तर येत नाही, कारण ते मत झालं. कार्यालयाच्या दप्तरात असलेला कागद मागायचा. असं: 'अमुक तालुक्यातील सर्व प्राथमिक आरोग्य केंद्रांत १ एप्रिल २०२४ ते ३१ मार्च २०२५ या काळातील वैद्यकीय अधिकाऱ्यांची मंजूर, भरलेली व रिक्त पदे यांची केंद्रनिहाय यादी.' मुदतीत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील, तेही ३० दिवसांच्या आत. सरकारी कर्मचाऱ्याने स्वतःच्याच खात्याला अर्ज करताना दोनदा विचार करावा. हक्क आहेच, पण साहेबाच्या मनात काय येईल त्याची तयारी ठेवून.

कोर्स आता निवडा

तीन-चार महिने वही चालली की आपल्याला काय कमी पडतंय ते कळतं. कायदा कमी पडत असेल तर इग्नूचं (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचं) मानवी हक्कांचं प्रमाणपत्र हा स्वस्त आणि संथ मार्ग आहे. त्याच्या वरची पायरी म्हणजे बंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलच्या दूरस्थ पदव्युत्तर पदविका: मानवी हक्क कायद्याची आणि वैद्यकीय कायदा व नीतिशास्त्राची. रुग्णालयात काम करणाऱ्याला मी दुसरी सुचवीन. आकडे आणि साथरोगशास्त्र कमी पडत असेल तर केंद्र सरकारच्या स्वयम पोर्टलवर मोफत शिकता येतं, प्रमाणपत्राच्या परीक्षेपुरतं शुल्क भरायचं. नोकरी सोडायची तयारी असेल तरच मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतल्या सार्वजनिक आरोग्याच्या पूर्णवेळ पदव्युत्तर अभ्यासक्रमाकडे बघा. परदेशी दूरस्थ पदव्या चांगल्या आहेत, शुल्क मात्र पौंडांत असतं आणि आपला पगार रुपयांत.

पैसे भरण्याआधी तीन गोष्टी तपासा. दूरस्थ अभ्यासक्रमाला विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरस्थ शिक्षण विभागाची त्या वर्षीची मान्यता. परीक्षा केंद्र आणि परीक्षेचे महिने. रुग्णालयात मार्चअखेर म्हणजे काय ते मी सांगायला नको. आणि कार्यालयाची लेखी परवानगी. शासकीय सेवेत असाल तर ना हरकत प्रमाणपत्र आधी घ्या, प्रवेश मग. माझ्या एका मैत्रिणीने उलटं केलं आणि पदविका सेवापुस्तकात चढवायला दोन वर्षं खेटे घातले.

आणि ज्याला फक्त बढतीसाठी कागद हवा आहे त्याने तसं स्वतःशी मान्य करावं. त्यात वाईट काही नाही, फक्त मग सर्वांत सोपा कोर्स घ्यावा.

आठवड्याला सहा तास

रोज रात्री दोन तास वाचेन, हा बेत पहिल्या नाइट ड्यूटीला कोसळतो. माझं गणित असं जमलं: बसमध्ये जाता-येता मिळून दिवसाला अर्धा तास, त्यात फक्त आधी छापून घेतलेलं वाचायचं, मोबाइल पिशवीत. रविवारी सकाळी स्वयंपाकाच्या आधी अडीच तास, तेवढ्यात लिखाण. उरलेला अर्धा-पाऊण तास महिन्याकाठी साठवून एक दिवस कुठेतरी जाण्यासाठी. पीडीएफ साठवत राहणं हा अभ्यास नव्हे. माझ्या फोनमध्ये अशा चारशे पीडीएफ आहेत आणि त्यातल्या चाळीसही वाचून झालेल्या नाहीत.

इंग्रजीसाठी एक युक्ती. दर आठवड्याला पाच अवघड संज्ञा घेऊन त्या आपल्या आईला किंवा सासऱ्यांना कळतील अशा मराठीत लिहायच्या. 'आउट ऑफ पॉकेट एक्स्पेंडिचर' म्हणजे खिशातून गेलेला खर्च, हे सोपं होतं. 'प्रोग्रेसिव्ह रिअलायझेशन'वर मी तीन आठवडे अडले. शेवटी लिहिलं: 'सगळं आज देता येत नसेल तरी दरवर्षी एक पाऊल पुढेच टाकायचं, मागे घ्यायचं नाही.' हे लिहिता आलं त्या दिवशी ती कल्पना मला कळली.

मोफत वाचायला दोन नियतकालिकं: मुंबईतून निघणारं 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स', आणि जोनाथन मान यांनी १९९४ मध्ये सुरू केलेलं हार्वर्डचं 'हेल्थ अँड ह्यूमन राइट्स'. पहिल्यात आपल्याकडची प्रकरणं जास्त, म्हणून तिथून सुरुवात करा.

बाहेर पडा, पण बेताने

राखून ठेवलेला तो दिवस कुठे घालवायचा? प्राथमिक आरोग्य केंद्राच्या रुग्ण कल्याण समितीची बैठक कधी असते विचारा. ग्रामसभेत आरोग्याचा विषय निघतो का बघा. महाराष्ट्रात २००७ पासून आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेखीचा उपक्रम चालला, त्यात पुण्याची 'साथी' संस्था आघाडीवर होती. त्यातल्या जनसुनवाईत गावकरी अधिकाऱ्यांसमोर उभं राहून सांगत की औषध बाहेरून आणायला लावलं, चिठ्ठी ही बघा. जनसुनवाईला बसलात तर पोहोच आणि दर्जा या शब्दांना आवाज मिळतो. मुंबईत असाल तर वांद्र्याच्या भाभा रुग्णालयातल्या 'दिलासा' केंद्राविषयी वाचा. महापालिका आणि 'सेहत' संस्थेने ते २००० मध्ये सुरू केलं. घरात मार खाऊन आलेल्या बाईची जखम शिवून तिला परत न पाठवता, हिंसा हाच आरोग्याचा प्रश्न मानणारी व्यवस्था सरकारी रुग्णालयातच कशी बसवली, ते त्यातून कळतं.

पथ्यं मात्र कडक. माहिती गोळा करून संशोधन म्हणून छापायची असेल तर नीतिशास्त्र समितीची मान्यता आधी लागते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं त्यासाठी वाचावीत. कामावर दिसलेली रुग्णाची फाइल ही अभ्यासाची सामग्री नाही, ती त्याने उपचारासाठी दिलेली माहिती आहे. व्हॉट्सॲपवर 'आज आमच्याकडे एक केस आली' असं लिहिताना तालुका, वय आणि आजार एकत्र आले की गावात माणूस ओळखला जातो. आणि उघड गैरप्रकार दिसला तर तो अभ्यास नव्हे, तक्रार. तिचा रस्ता वेगळा, कागद वेगळे, धोका वेगळा. शासकीय कर्मचाऱ्यांनी १९७९चे वर्तणूक नियम आधी पाहून ठेवावेत.

शेवटी हातात काय असावं

नऊ-दहा महिन्यांनी चार पानांचं टिपण. प्रश्न, तीन उपप्रश्नांची उत्तरं, एक तक्ता, आणि 'अमुक पदावरच्या व्यक्तीने अमुक करावं' असं लिहिलेल्या दोन-तीन मागण्या. ते कोणाला द्यायचं ते लिहायच्या आधी ठरवा. वरिष्ठांना दिलं जाणारं टिपण आणि वर्तमानपत्राला दिला जाणारा लेख एका बैठकीत लिहून होत नाहीत.

माझं पहिलं टिपण चार पानांचं झालंच नाही, एका पानाचं झालं. धर्मादाय योजनेचा नियम, साध्या मराठीत. निर्धन कोण, दुर्बल कोण. उत्पन्नाची मर्यादा वेळोवेळी बदलते म्हणून ती जागा कोरी ठेवून पेनाने भरायची. कागद कोणते: रेशनकार्ड किंवा तहसीलदारांचा दाखला. रुग्ण तातडीचा असेल तर आधी भरती आणि उपचार, अनामत रक्कम मागायची नाही. रोज किती राखीव खाटा रिकाम्या आहेत ते धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर दिसतं. विभागप्रमुखांनी ते आठ दिवस ठेवून घेतलं, एक ओळ खोडली, मग लावायला परवानगी दिली. खोडलेली ओळ अनामत रकमेची होती. मी योजनेची प्रत जोडून ती ओळ परत घातली, पुन्हा पाठवलं, आणि या वेळी सही आली.

पान काउंटरच्या काचेवर चिकटवलं. पहिल्याच आठवड्यात एका आजींनी सांगितलं की अक्षर दिसत नाही आणि दिसलं तरी त्यांना वाचता येत नाही. दुसरी प्रत दुप्पट मोठी काढली, आणि सगळ्यात वर रेशनकार्डाचं चित्र टाकलं, पिवळ्या रंगात.